मुकणे नावाची माणसे

उन्हाळा लागला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत धरणांतल्या साठ्याचे आकडे रोज येऊ लागतात. गंगापूर, दारणा, भावली आणि त्याच रांगेत मुकणे. नाशिककरांच्या लेखी मुकणे म्हणजे धरण. इगतपुरी तालुक्यातल्या मुकणे गावावरून त्याला हे नाव पडले. कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यात आले की मात्र हेच नाव माणसांना लागलेले भेटते. तानसा, भातसा आणि काळू नद्यांच्या खोऱ्यांत, शहापूरपासून मुरबाडपर्यंतच्या कातकरवाड्यांत मुकणे आडनावाची घरे आहेत. पाऊसकाळ वाडीवर काढायचा आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टी गाठायची, असा त्यातल्या बऱ्याच घरांचा वर्षाचा फेरा असतो. आणि तानसाच्या उत्तरेला, जव्हारच्या डोंगरात, सहाशे वर्षे राज्य करणारे घराणेही मुकणेच.

पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाने हे आडनाव कधी ऐकलेले नसते. ऐकले, तर तो पुन्हा एकदा विचारून घेतो. तसे पाहिले तर हे दुर्मीळ आडनाव. पण शहापूरच्या एखाद्या कातकरवाडीत उभे राहून पाहिले तर चौथ्या-पाचव्या दाराशी तेच नाव निघते. वाघमारे, पवार, हिलम, जाधव, मुकणे या चार-पाच नावांवर अख्खी वाडी संपते. दुर्मीळ हा शब्द कुठे उभे राहून उच्चारला यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि ही मुकणे मंडळी नेमकी किती, असे कोणी विचारले तर उत्तराआधी मोजणाऱ्याच्या वहीकडे पाहावे लागते.

आधी गोष्ट राजाची, कारण ती लिहिली गेली आहे.

१८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जव्हार संस्थानाची उत्पत्ती दिली आहे. थळ म्हणजेच कसारा घाटाजवळ मुकणे येथे एका कोळी पुढाऱ्याची मातीची छोटी गढी होती. पिंपरीच्या देवस्थानाला तो दर्शनाला गेला असता पाच कोळी भिक्षेकऱ्यांनी त्याला आशीर्वाद दिला आणि जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला. त्याने कोळी जमवले, पेठ आणि धरमपूरच्या वाटेने सुरत गाठली, तिथून काठेवाडात गेला आणि सात वर्षे तिथेच राहिला. परतल्यावर जव्हारच्या वारली राजाकडे त्याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. वारल्याने हो म्हटले. कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या गेल्या, त्या एकीला एक जोडल्या गेल्या, आणि त्या वेढ्यात वारल्याचा सगळा मुलूख आला. त्याला गंभीरगड आणि भोवतालचा प्रदेश देऊन वाटेला लावले. ही चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची कथा.

कार्थेज नगरी वसवणाऱ्या डायडो राणीची गोष्ट अगदी अशीच आहे, आणि गॅझेटियरकारांनीच तिची आठवण काढली आहे. कातड्याची कथा जगात अनेक ठिकाणी सांगतात. जमीन फसवून घेतली गेली याची बोच जिथे जिथे मागे उरते तिथे ती सांगितली जात असावी. जव्हारच्या कथेत वारल्याचे नाव कोणी राखलेले नाही. गढीचे नाव राहिले, जिंकणाऱ्याचे राहिले, पण ज्याचा मुलूख गेला तो कथेत फक्त ‘वारली’ आहे. आडनावांच्या इतिहासात हा प्रकार पुढे पुन्हा पुन्हा भेटतो.

जिंकणाऱ्याचे नाव मात्र नीट पाहण्यासारखे आहे. स्थानिक परंपरा त्याला जयबा मुकणे म्हणते. गॅझेटियरमध्ये त्याचे नाव ‘पौपेरा’ असे दिले आहे. इंग्रज अधिकाऱ्याने कानावर पडले तसे रोमन अक्षरांत उतरवलेले हे नाव मराठी माणसाने जरा मोठ्याने उच्चारून पाहावे. पोपेरा, पोपेरे. महादेव कोळ्यांमध्ये पोपेरे हे आडनाव आजही नांदते आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या बियाणे जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते महाराष्ट्रभर पोहोचले. सह्याद्रीच्या त्याच रांगेत, त्याच जमातीत आजही चालणारे नाव जव्हारच्या मूळपुरुषाला लावलेले दिसते, हा योगायोग मानणे कठीण आहे. बहुधा पोपेरे हे त्याचे कूळ होते आणि मुकणे त्याचे गाव. मुकण्यात राहत होता तोवर त्याला मुकणे म्हणण्याचे कोणाला कारण नव्हते, कारण तिथे सगळेच मुकण्याचे. घाट उतरून तो परक्या मुलखात आला तेव्हा ‘मुकण्याचा’ ही ओळख लागू पडली. गावावरून पडलेले आडनाव गाव सोडलेल्यालाच चिकटते. वाईत राहणारा वाईकर म्हणवत नाही, तो पुण्याला आला की वाईकर होतो.

मग मुकणेकर का नाही? घाटावर आणि दक्षिण कोकणात गावाच्या नावाला ‘कर’ जोडण्याची रीत इतकी रुजली की मराठी आडनावाची ओळखच ती होऊन बसली. पण सर्वत्र तसे झालेले नाही. कित्येक घराण्यांनी गावाचे नाव आहे तसेच धारण केले, आणि मुकणे तसे दिसते. नाव मुळातच ‘ए’कारान्त असल्याने शिंदे, मोरे, काळे यांच्या पंगतीत ते सहज बसून गेले आणि त्यातले गाव ऐकणाऱ्याच्या लक्षात येईनासे झाले.

मूळपुरुषाचा मुलगा नेमशाह. दिल्लीच्या सुलतानाने त्याला राजा ही पदवी दिली तो दिवस ५ जून १३४३. त्या वेळी दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद बिन तुघलक होता. हा मान जव्हारला इतका मोठा वाटला की त्या दिवसापासून संस्थानाने स्वतःचा शक सुरू केला, आणि एकोणिसाव्या शतकातही तो दरबारी कागदांवर चालत होता. नेमशाहाच्या ताब्यात २२ किल्ले आणि ९ लाखांच्या वसुलाचा मुलूख होता असे गॅझेटियर सांगते. पुढे मराठ्यांनी आणि पोर्तुगीजांनी दोन्ही बाजूंनी तो कुरतडला. विसाव्या शतकाच्या आरंभी उरले ते ३१० चौरस मैलांचे संस्थान आणि साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास प्रजा.

या सगळ्या काळात राजे स्वतःला नेमशाह, विक्रमशाह, पतंगशाह असे म्हणवत होते. आडनाव मागे आणि पदवी पुढे. राज्य गेले तेव्हा आडनाव पुढे आले. १९४८ साली जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मार्तंडराव मुकणे १९६२ साली लोकसभेवर निवडून गेले, आणि निवडणुकीच्या कागदांत ते इतर कोणाही उमेदवारासारखे नाव, वडिलांचे नाव, आडनाव लिहून उभे होते.

आता गोष्ट न लिहिलेल्यांची.

कातकरी हे नावच धंद्यावरून पडलेले. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, तो रस आटवून कात करणारे ते कातकरी किंवा काथोडी. विड्याच्या पानातला लालपणा त्यांच्या भट्टीतून यायचा. १८७८च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलांत खैरावर हात टाकणे गुन्हा ठरू लागले. धंदा गेला, नाव राहिले. कात करणारे कोळसा पाडू लागले, लाकूडतोडीवर गेले, दुसऱ्याच्या शेतात राबू लागले, आणि नंतर भिवंडी-कल्याणच्या बाजूला घरे उठू लागली तशा वीटभट्ट्या त्यांच्या वाट्याला आल्या. कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींत कातकऱ्यांची गणना होते. २०११च्या जनगणनेत राज्यात त्यांची संख्या २ लाख ८५ हजारांच्या घरात होती. शेजारचे वारली जवळपास ८ लाख, ठाकूर साडेपाच लाखांहून अधिक, महादेव कोळी साडेचौदा लाखांच्या आसपास. हे आकडे पक्के, कारण अनुसूचित जमाती मोजणे जनगणनेला बंधनकारक आहे. त्या २ लाख ८५ हजारांत मुकणे किती, हिलम किती, याचा तक्ता कोणत्याही जनगणनेने केलेला नाही.

कातकऱ्यांतल्या मुकण्यांचा जव्हारच्या मुकण्यांशी काय संबंध? हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या ओठावर लगेच येतो. दोन्ही जमाती वेगळ्या, बेटीव्यवहार नाही, देव आणि रीती वेगळ्या. पण या पट्ट्यात आडनाव जमातीची वेस सहज ओलांडते. भोईर आगऱ्यांत आहेत, कुणब्यांत आहेत, वारल्यांत आहेत. पवार आणि जाधव तर देवगिरीच्या इतिहासापासून कातकरवाडीपर्यंत सगळीकडे. त्यामुळे समान आडनाव म्हणजे समान रक्त, हा हिशेब इथे लावता येत नाही. मुकण्याहून घाट उतरणारी वाट कोळ्यांनाच ठाऊक होती असेही नाही. त्या गावाच्या रानातून कातभट्टीच्या मागे खाली उतरलेल्या कातकऱ्यांनाही तेच नाव पडू शकते, आणि राजाच्या मुलखातली रयत म्हणून राजाचे नावही लागू शकते. यातला पहिला मार्ग अधिक संभवतो. आडनाव बहुतेक वेळा दुसरे लोक देतात, आणि दुसऱ्यांना माणूस कोण यापेक्षा कुठला हे आधी विचारावेसे वाटते.

वाडीवर तर आडनावाचे काम फार थोडे असते. अख्ख्या वाडीत चारच आडनावे असली तर हाक मारायला ती निरुपयोगी. नाव, त्यापुढे बापाचे नाव, आणि तेवढ्याने भागले नाही तर घर कोणत्या अंगाला ते. आडनाव लागते ते सोयरीक जुळवताना, कारण एका कुळात लग्न होत नाही. त्यानंतर ते लागते सरकारी कागदाला. जगभर हेच झाले आहे. जपानने १८७५ साली प्रत्येक सामान्य माणसाला आडनाव धारण करायला लावले, तुर्कस्तानने १९३४ साली कायदा करून लावले. ठाणे जिल्ह्यात असा एकच कायदा आला नाही, पण जमीनमोजणी, शाळेचे हजेरीपत्रक, मतदारयादी, शिधापत्रिका यांनी मिळून तेच काम सावकाश केले.

मराठीत कूळ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत, घराणे आणि दुसऱ्याची जमीन कसणारा. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले, तेव्हा या दोन अर्थांची गाठ पडली. कूळ म्हणून हक्क सांगायचा तर सातबाऱ्यावर आपले कूळ नीट लागलेले असावे लागे. शहापूर-मुरबाडच्या अनेक कुणबी, ठाकूर आणि कोळी घरांची आडनावे या वेळी तलाठ्याच्या शाईत पक्की झाली. कातकरी बहुतेक ठिकाणी कूळ नव्हता, मजूर होता. वाडी दुसऱ्याच्या मालकीच्या तुकड्यावर, राबणे दुसऱ्याच्या शेतात. सातबाऱ्यावर त्याचे नाव यायला जागाच नव्हती.

तानसाकाठी तर आणखी एक भिंत उभी राहिली. मुंबईसाठी बांधलेले तानसा धरण १८९२ साली सुरू झाले, व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन उद्घाटनाला आला होता. पावणेतीन किलोमीटरहून लांब दगडी बांध, त्यामागे तलाव, आणि पाणी स्वच्छ राहावे म्हणून तलावाभोवतालचे रान राखलेले. पुढे १९७० साली तानसा अभयारण्य झाले. ज्या रानात कात होत असे त्याचा बराच भाग असा आधी पाण्यासाठी आणि मग प्राण्यांसाठी बंद झाला. मुंबईच्या नळाला गेली १३० वर्षे हे पाणी येते आहे. तलावाकाठच्या वाडीवर कोणाची घरे आहेत हे त्या पाण्यावर जगणाऱ्या शहराला मात्र क्वचितच ठाऊक असते.

जमिनीच्या कागदात नाव नसणे हे आडनावे मोजणाऱ्यांच्या दृष्टीने किती महत्त्वाचे, हे एका इंग्रजाच्या पुस्तकावरून कळते. हेन्री ब्रॉम गप्पी याने १८९० साली इंग्लंडच्या आडनावांची घरे शोधली. कोणते आडनाव कोणत्या परगण्याचे, हे ठरवायला त्याने फक्त शेतकऱ्यांची नावे घेतली, कारण शेतकरी जागा सोडत नाही. दर दहा हजारांमागे कोणते नाव किती, असा हिशेब काढून त्याने देशभर पसरलेली नावे एका टोकाला आणि एकाच परगण्यात सापडणारी दुसऱ्या टोकाला ठेवली. पद्धत हुशारीची होती. पण ती शहापूरला लावली तर शेलवले, निमसे, देसले, विशे अशी शेतकऱ्यांची आडनावे अचूक नकाशावर येतील आणि मुकणे, हिलम यांच्या जागी पांढरा कागद राहील. या तालुक्यांत त्यांच्याइतके जुने फार थोडे असतील, पण शेतकऱ्यांच्या यादीत ते नाहीत म्हणून मोजणीतही येत नाहीत.

खास या मातीची आडनावे पाहायची तर शहापूरचा विधानसभा मतदारसंघ पुरे. तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. २००९ साली इथून दौलत दरोडा निवडून आले, २०१४ साली पांडुरंग बरोरा, २०१९ आणि २०२४ साली पुन्हा दरोडा. दरोडा आणि बरोरा ही आडनावे सांगली-साताऱ्याकडच्या माणसाने ऐकली तर त्याला ती मराठी वाटणारही नाहीत. शेजारच्या पालघरात हाच सूर: आदिवासी विकासमंत्री राहिलेले विष्णू सवरा, खासदार राहिलेले चिंतामण वनगा, दामोदर शिंगडा. सगळी ‘आ’कारान्त. मराठी आडनावात आपल्याला ‘ए’ची सवय असते. तो ‘ए’ बहुतेक आडनावांत अनेकवचनाचा आहे: घोडा-घोडे, तसे एकट्याचे नाव मोरा आणि आदराने किंवा घराण्याच्या अर्थाने मोरे. उत्तर कोकणच्या डोंगरपट्टीत एकवचन टिकले. म्हणून निरगुडा आणि निरगुडे, हिंदोळा आणि हिंदोळे, बांगारा आणि बांगारे अशी जुळी नावे याद्यांत शेजारी शेजारी दिसतात. कुठे शिक्षकाने किंवा ग्रामसेवकाने ‘शुद्ध’ करून ‘ए’ लावला, कुठे मुलगा शहरात गेला आणि त्याने स्वतःच लावून घेतला. पौपेराचा पोपेरे झाला तोही बहुधा याच वाटेने. एका घरातला थोरला शिंगडा आणि धाकटा शिंगडे असेल, तर यादी करणाऱ्या यंत्राला ती दोन कुळे दिसतात.

मुकणे या नावाला दुसराच रोग आहे. त्याचा ‘ए’ पक्का, पण मधले अक्षर नाही. मराठीत कोणी मुकणे लिहितो, कोणी मुकने. रोमन लिपीत राजघराण्याच्या नावात ‘क’नंतर लगेच ‘न’ येतो, धरणाच्या नावात मध्ये एक ‘अ’ घुसतो. रोमनला ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक दाखवता येत नाही, त्यामुळे तिथून पुन्हा देवनागरीत आणताना संगणक मुकने, मुकाने, मुकाणे यांतले काहीही करतो. आधार एका हिज्ज्याचे, शाळेचा दाखला दुसऱ्या, बँकेचे पासबुक तिसऱ्या. दाखल्यातला फरक मिटवायला प्रतिज्ञापत्र करावे लागते, आणि ज्याची मजुरी रोजावर चालते त्याचा त्यात किमान एक रोज बुडतो. अक्षरातला हा घोटाळा भाषाशास्त्राचा गमतीचा विषय नाही. शिष्यवृत्ती अडते ती इथे.

जगात आडनावांची मोजणी कशी होते हे पाहिले की आपली उणीव ठळक दिसते. अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०१०च्या मोजणीतून शंभर किंवा अधिक माणसांनी लावलेल्या १ लाख ६२ हजार २५३ आडनावांची यादी प्रसिद्ध केली. प्रत्येकापुढे आकडा. आपल्याकडे जनगणनेत नाव विचारले जाते, पण आडनावांचा गोषवारा निघत नाही. जात १९३१पर्यंत सर्वांची मोजली गेली आणि नंतर फक्त अनुसूचित जाती-जमातींची. २०११च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेत पुन्हा सगळ्यांना जात विचारली, तेव्हा जे हाती आले ते बोलके होते. १९३१ साली ४,१४७ जाती मोजल्या होत्या. या वेळी ४६ लाखांहून अधिक निघाल्या. लोकांनी जात म्हणून जात सांगितली, पोटजात सांगितली, गोत्र सांगितले, कूळ सांगितले, आणि आडनावही सांगितले. महाराष्ट्राच्या नोंदींत अशी सव्वाचार लाखांहून अधिक वेगवेगळी नावे आली. त्यांतल्या बहुतेकांमागे शंभर माणसेही नव्हती. सरकारने हे आकडे निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवले, आणि जातीच्या मोजणीसाठी ते निरुपयोगी आहेतही. आडनावांच्या अभ्यासकाच्या हाती मात्र ते सोपवायला हवे होते. भारतीय माणसाने आपणहून सांगितलेल्या कुळांची इतकी मोठी वही दुसरी कुठे मिळणार?

उलट दिशेची चूकही तितकीच जुनी आहे. तिथे आडनावाच्या जागी जमात लिहिली जाते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. हुतात्म्यांच्या यादीत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. त्याचे कूळ वाघमारे होते की आणखी काही, हे कागदाला विचारावेसे वाटले नाही. आजही याद्यांत कातकरी, ठाकूर, वारली, कोळी ही आडनावे म्हणून भेटतात. तुलनेला त्याच काळातली आणखी दोन नावे आहेत. मुरबाड तालुक्यात सिद्धगडच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटील आणि भाई कोतवाल मारले गेले. पाटील आणि कोतवाल, दोन्ही हुद्द्यांची नावे. गावगाड्यात ज्याला हुद्दा होता त्याचे आडनाव हुद्द्यावरून आले, ज्याला गाव होते त्याचे गावावरून, आणि नाग्याच्या वाट्याला जमातीचे नाव आले.

ठाकूर नावाने तर कोर्टकचेऱ्यांचा डोंगर उभा केला आहे. सह्याद्रीतले ठाकूर अनुसूचित जमातीत, पण ठाकूर हे आडनाव उत्तरेपासून बंगालपर्यंत कितीतरी समाजांचे. १९५६च्या आदेशाने ठाकूर जमातीला ठरावीक तालुक्यांपुरती मान्यता होती. त्यांत शहापूर आणि मुरबाड होते. १९७६च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले. मग महाराष्ट्रभरातल्या ठाकुरांपैकी जमातीचा ठाकूर कोणता हे ठरवण्याचे काम पडताळणी समित्यांकडे आले. त्या जुने दाखले पाहतात, लग्नाच्या रीती, देव, बोली विचारतात, आणि आगिवले, शीद, पारधी, मेंगाळ, खंडवी ही कुळे माहीत आहेत का हेही पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले की रीतिरिवाजांची ही परीक्षा म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, जुन्या कागदांना अधिक वजन द्यायला हवे. वाडीवरच्या माणसाला ही कुळे जन्मापासून ठाऊक असतात. त्याच्याकडे नसतो तो १९५०पूर्वीचा कागद. लक्ष्मण नारायण चापेकर यांनी १९६० साली ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ या ग्रंथात, आणि ए. एन. वेलिंग यांनी १९३४ साली ‘द कातकरीज’ या पुस्तकात या समाजांची नोंद करून ठेवली नसती, तर कागदाची ही बाजू आणखीच लंगडी राहिली असती.

दुर्मीळ आडनावाला एक धोका साध्या गणिताचाही असतो. फ्रान्सिस गाल्टनने १८७३ साली प्रश्न टाकला की मोठमोठ्या घराण्यांची आडनावे का संपतात, आणि हेन्री वॉटसन या पाद्र्याने गणिताने उत्तर मांडले. आडनाव मुलाकडूनच पुढे जात असेल, तर काही पिढ्यांत बरीच आडनावे निव्वळ योगायोगाने बुजतात. त्यासाठी रोगराई लागत नाही. ज्या नावाची घरे थोडी त्याला हा धोका मोठा. मुकणे, हिलम, निरगुडा यांच्याबाबत भीती कमी आहे, कारण वाड्यांवर ती दाट आहेत. पण एखाद्या खोऱ्यात दोन-तीनच घरांत उरलेली आडनावे या तालुक्यांत आहेत, आणि ती ‘आ’चा ‘ए’ करून किंवा थेट पवार-जाधव होऊन शेजाऱ्यांत विरघळतात. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचे नाव सक्तीचे केले. बाळाचे नाव, आईचे, बापाचे, मग आडनाव. शेवटचा रकाना अजूनही बापाच्याच घराचा आहे.

२०११च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३ लाख १४ हजार होती आणि मुरबाडची १ लाख ९० हजार. गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीला. फेब्रुवारी म्हणजे वीटभट्टीचा भर. त्या वीस दिवसांत कित्येक कातकरवाड्यांतली घरे बंद होती आणि माणसे भट्टीवरच्या खोपटांत होती. प्रगणकाने त्यांना गाठले असेल तर ती भिवंडी किंवा कल्याण तालुक्याच्या खात्यात पडली, गाठले नसेल तर कुठेच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, आणि या वेळी सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. तेव्हाही भट्ट्या पेटलेल्या असतील. खोपटाच्या दारात प्रगणक मोबाइल घेऊन उभा राहील, नाव विचारील, आणि मुकणे लिहायला कळफलकावर ‘ण’ शोधील.